सांजेला पाणी

न्हाणीतल्या भिंतीवर, चुलवणाच्या थोडं वर, एकनाथरावांनी कोळशानं लिहून ठेवलं होतं: 'थंडी पडली की सांजेला पाणी.' त्याच्या खाली 'एका बुडाला तीनच मुनवे, बाकी काढणे', आणि त्याच्याही खाली, धुरानं निम्मं पुसलेलं, 'राख फेकू नये'. एकनाथराव तीस वर्षं निजामाच्या महसूल कचेरीत पेशकार होते. तिथं त्यांनी दुसऱ्यांचे कागद सांभाळले. त्यांचं स्वतःचं दफ्तर म्हणजे ही भिंत. दर दसऱ्याआधी घराला चुना लागायचा तेव्हा ताकीद असायची की एवढी हातभर जागा सोडा.

त्या वर्षी चुना लागलाच नाही. आश्विनात, दसरा चार दिवसांवर आलेला असताना, एकनाथराव गेले. तीन आठवड्यांनी हैदराबाद राज्यही गेलं. त्याचे तीन वाटे झाले, मराठवाडा मुंबईकडे गेला, आणि कचेरीच्या कपाटांबरोबर एकनाथरावांची मुलगी भामा हिचा धाकटा भाऊ हणमंतराव औरंगाबादला गेला. काचीगुड्याच्या स्टेशनावर त्या दिवसांत रोज कुणाची ना कुणाची ट्रंक चढत होती. जामबागेतल्या मुलींच्या शाळेत भामा मराठी शिकवायची. तिच्या सातवीच्या वर्गात दिवाळीनंतर नऊ बाकं रिकामी झाली. हजेरी घेताना ती नावं गाळत नसे. नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं.

नल्लकुंट्याच्या घराच्या मागच्या निम्म्यात आता दोघीच राहिल्या, भामा आणि तिची आई केसरबाई. भामा अडतिसाची. लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी विधवा होऊन ती परत आली, तेव्हा एकनाथरावांनी, तिच्या नानांनी, रडणाऱ्या बायकांना ओसरीवर बसवलं आणि तिच्या हातात पुस्तक दिलं. त्या एका पुस्तकाची पुढं शेकडो झाली. शाळा सुटली की सुलतान बाजारातल्या वाचनालयात ती दिवेलागणीपर्यंत बसायची. घरी यायची तेव्हा परसातली माती ओली असायची आणि नाना ओसरीवर पाय पुसत असायचे.

परसात केळीची सात बुडं होती. बारा वर्षांपूर्वी नानांनी अर्धापूरजवळच्या आपल्या गावाहून सात मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतात ती पिल्लं, गोणपाटात बांधून आगगाडीनं आणले होते. गावचा तो मळा पुढं पोलीस कारवाईच्या वर्षी मोडला. तिथं आता कापूस होता. आखूड, जाड सालीची, पिकली की मधासारखा वास सुटणारी ती केळ कुठं उरली असेल, तर ती ह्या परसात.

पौषात थंडी पडली. हैदराबादेत पडते तशी लाडाची नव्हे. त्या वर्षी सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. भामानं भिंतीवरचा हुकूम पाळला. वाचनालय सोडलं, रोज शाळेतून थेट घरी आली आणि सांजेला हौदातून बादल्या भरभरून प्रत्येक बुडाला दोन-दोन घातल्या. आठवड्यात पानं पिवळी पडली. तिला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिनं तीन घातल्या. पानं काळवंडली, मग चहाच्या चोथ्यासारखी होऊन खोडाला लोंबायला लागली. तेव्हा ती सकाळीही पाणी घालू लागली.

"अगं, किती पाजशील?" केसरबाई दारातून म्हणाली. "माणूस गेलं, आता झाडं चाललीत. जाऊ दे त्यांना."

भामानं पुढची बादली भरली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या निम्म्यात राहणारे घरमालक प्रतापराव परसात आले. बरोबर उमाजी गवंडी, त्याच्या हातात दोरी आणि चार खुंट्या. प्रतापरावांनी उभा जन्म एका वकिलाच्या पेढीवर अर्ज लिहिण्यात घालवला होता. दिलेला शब्द ते मोडत नसत, पण त्याच्यापुढं बोटभरही जात नसत.

"भामाबाई, रागावू नका," ते म्हणाले. "नाना होते तोवर मी ह्या बाजूला वीट तरी ठेवली का?"

"नाही ठेवली."

"कारण शब्द होता. केळी आहेत तोवर परस तुमचा. दर वर्षी सत्यनारायणाला चार खांब आणि पानं माझी. बारा वर्षं झाली, कागद नाही, सही नाही, पण शब्द होता. आता तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, ह्याला केळी म्हणायचं का?"

उमाजीनं एका खोडाला अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत रुतला. त्यानं तो धोतराला पुसला. "गेली, सरकार."

"राजधानी इकडं आल्यापासून कर्नूलहून रोज माणसं दारात येतात हो," प्रतापराव म्हणाले. "सगळं सचिवालय इथं आलंय. परवा एक जण म्हणाला, खोली नसली तर नसू दे, ओसरीला पडदा लावून द्या. बायको आहे, दोन पोरं आहेत. इथं दोन खोल्या उभ्या राहिल्या तर त्यांचीही सोय, माझीही."

भामानं सातही बुडांकडे एकदा पाहिलं. "पाडव्यापर्यंत थांबा," ती म्हणाली.

"पाडव्यापर्यंत काय होणार आहे?"

"ते पाडव्याला कळेल."

प्रतापरावांनी दाढी खाजवली. अशा उत्तरांवर त्यांनी पेढीत पुष्कळ तारखा घेतल्या होत्या. "ठीक. पाडव्याच्या सकाळी येतो. जिवंत केळ दिसली तर परस तुमचा, माझ्या हयातीत पुन्हा विषय नाही. नाही दिसली तर त्याच मुहूर्तावर उमाजी कुदळ मारेल. कबूल?"

"कबूल."

"मग दोरी गुंडाळू का?" उमाजीनं विचारलं.

"दोरी गुंडाळ. खुंट्या राहू देत."

चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोघं गेले. भामा येता-जाता त्यांना अडखळत राहिली.

पुढच्या रविवारी पहाट फटफटताच चतुराबाई आली. ती सुलतान बाजाराच्या तोंडाशी पत्रावळी आणि केळीची पानं विकायची. मूळची अर्धापूरकडची, लहानपणी लोकांच्या केळीत खुरपायला जायची. नाना तिला दर शनिवारी पानं द्यायचे आणि ती त्यांना गावाकडच्या बोलीत चार शिव्या-ओव्या ऐकवायची, एवढाच त्यांचा सौदा. दिवसकार्याला ती येऊन गेली होती, त्यानंतर आजच.

"बाजारात पान दिसंना कुठं," ती म्हणाली. "म्हटलं नानांच्या परसात बघावं." मग ती लोंबलेल्या पानांकडं बघत राहिली. भामाच्या हातातली भरलेली बादली तिला दिसली. "थांब, थांब. काय करायलीस माय?"

"पाणी घालते."

"कुठलं पाणी ते?"

"हौदातलं."

चतुराबाईनं बादलीत हात घातला आणि विंचू चावल्यासारखा बाहेर काढला. "अगं बया! बोटं बधिर झाली की माझी! असलं पाणी केळीला घालतं का कुणी?"

"नानांनी लिहून ठेवलंय."

"नानांनी? कुठं लिवलंय?"

भामानं तिला न्हाणीत नेलं. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. भामानं वर्गात वाचतात तसं स्पष्ट वाचून दाखवलं. "थंडी पडली की सांजेला पाणी."

"बराबर लिवलंय," चतुराबाई म्हणाली. "कुठलं पाणी ते लिवलंय का?"

"पाणी म्हणजे पाणी."

"लै शिकलीस म्हणून असं होतंय बघ. आमच्यातलं शेंबडं पोरगंबी हे बोललं नसतं. नाना विहिरीचं घालायचे. विहीर कुठं गेली तुमची?"

विहीर परसाच्या कोपऱ्यात होती. नाना आजारी पडले तेव्हा हणमंतरावानं, पोरं खेळतात म्हणून, तिच्यावर फळ्या टाकल्या होत्या. नळ होता, नळानं हौद भरत होता. विहिरीची आठवण कुणाला नव्हती. दोघींनी मिळून फळ्या ओढल्या. जुना पोहरा अडगळीत सापडला, दोरी मात्र कुजलेली. केसरबाईनं आतून वाळत घालायची दोरी आणून दिली आणि काही न विचारता तिथंच उभी राहिली.

पोहरा वर आला तेव्हा त्यातून बारीक वाफ निघत होती. भामानं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. पाणी कोमट होतं.

"जमिनीच्या पोटात ऊब असती," चतुराबाई म्हणाली. "ती सांजेला बुडाला दिली की मुळ्या सकाळपतोर तगतात. हौद उघडा, दगडाचा, तो सगळा गारठा पिऊन बसतो. तू त्यांना बर्फ पाजलीस माय. वर सकाळीबी."

भामाचे हात पाण्यातच होते. भिंत तिनं शेकडो वेळा वाचली होती. बारा हिवाळे नानांनी दर सांजेला ही विहीर ओढली. ओली माती तिनं पाहिली, त्यांचे ओले पाय पाहिले, पोहरा ओढणारे नाना एकदाही पाहिले नाहीत. त्या वेळी ती पुस्तकात असायची आणि आई चुलीपाशी. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, कुठलं पाणी हे काय लिहायचं?

"नानांच्या कपाळावरच्या पट्ट्या," ती म्हणाली, "त्याही ह्याच हौदात भिजवत होते मी."

चतुराबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या आवाजातली थट्टा गेली. "त्यांना ताप होता. तापाला गारच लागतं. ते तू बराबर केलीस." मग पदर खोचून ती म्हणाली, "केळीला ताप नव्हता, एवढंच. आता विळा आण. कोण जितं हाय ते बघू."

पहिलं खोड तिनं छातीइतक्या उंचीवर कापलं. आत तपकिरी लगदा. वीतभर खाली कापलं, पुन्हा लगदा. गुडघ्याखालीही तोच, वर आंबूस वास. "ही गेली." दुसरी तशीच. केसरबाईनं तोंडाला पदर लावला.

तिसऱ्या खोडावर तीन काप गेले. चौथ्याला विळ्याचा आवाज बदलला, कच्ची काकडी चिरावी तसा. लगद्याच्या वेढ्यात मधोमध रुपयाएवढं पांढरंशुभ्र वर्तुळ होतं आणि त्यावर पाण्याचे थेंब फुटून येत होते.

"ही बघ!" चतुराबाई ओरडली. "ही बघ सटवी! गाभा जिता हाय हिचा!"

चौथी, पाचवी, सहावी. कुठं मांडीएवढ्या उंचीवर, कुठं अगदी टाचेजवळ, पण पांढरं वर्तुळ सापडलं. सातवी न्हाणीच्या मोरीजवळ होती. तिला कुणी मुद्दाम पाणी घातलंच नव्हतं. तिथं आंघोळीचं कढत पाणी वाहत जायचं. तिचा गाभा कमरेइतक्या उंचीवर ताजा होता.

"सातातल्या पाच," भामा म्हणाली. तिनं विळा चतुराबाईच्या हातातून घेतला आणि पाचवीचा काप पुन्हा एकदा, स्वतः, सरळ केला.

"वाळली पानं तोडली नाहीस ते बरं केलीस," चतुराबाई म्हणाली. "ती त्यांची वाकळ असती. थंडी हाय तोवर आता बुडाशी राहू दे."

"तोडवली नाहीत मला." हे खरं होतं. घरात तीन महिन्यांत तिनं कुठलीच गोष्ट हलवली नव्हती.

त्या दिवसापासून परसात काम सुरू झालं. नवा काथ्याचा दोर आला. कापांवर राख दाबली. भिंतीवरच्या तिसऱ्या ओळीचा अर्थ असा उलगडला. सुटलेली वाळकी पानं बुडाशी हातभर जाड पसरली, त्याखाली कडुलिंबाची पेंड. उत्तरेकडून वारा येई, तिकडं गोणपाट बांधायचं ठरलं, पण बांधायचं कशाला? केसरबाईनं प्रतापरावांच्या खुंट्यांकडं बोट केलं. "ह्या काय पूजेला ठेवल्यात का?" दोन खुंट्या उपटून त्या उत्तरेच्या बाजूला ठोकल्या गेल्या.

आणि रोज सांजेला विहीर. शाळेतून आल्यावर भामा लुगड्याचा काष्टा घट्ट करायची आणि दहा बुडांना पुरेल इतकं पाणी पाच बुडांना द्यायची. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी खडू धरताना ते फुटले. मुली कुजबुजल्या, तिनं हजेरी घेतली, रिकाम्या बाकांची नावं घेतली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती नावापाशी थांबली नाही.

माघाच्या सुरुवातीला हणमंतराव औरंगाबादहून चार दिवसांच्या रजेवर आला. आईला आणि अक्काला घेऊन जायचं, निदान आईला तरी, असा त्याचा बेत होता. परसात पाऊल टाकताच तो थबकला.

"अक्का, हे काय? केळीला स्वेटर?"

"गोणपाट आहे."

"प्रतापराव म्हणाले मला वाटेत. तुम्ही खोडकी राखत बसलात म्हणाले. अगं, औरंगाबादेत भाजी मंडईत डझनानं केळी मिळतात."

"ती नानांची नव्हेत."

"नाना तरी कुठं..." तो म्हणाला.

केसरबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "मी येईन रे. पण ह्यांचं काय ते कळू दे आधी. अर्ध्यावर सोडून आले तर तिथं मला झोप लागायची नाही."

त्या दुपारी वारा फिरला. आभाळ निवळलं, उन्हाला धार राहिली नाही, आणि चार वाजताच ओसरीची फरशी पायाला बोचायला लागली. चतुराबाई धापा टाकत आली. "परत पडायलीय थंडी. आजची जड जाणार. चौपट पाणी घाला, आणि पहाटे धूर करा. गोवऱ्या आहेत का?"

भामा विहिरीवर गेली. वीस पोहरे झाले तेव्हा तिचे खांदे भरून आले, पण दोर सुटला नाही. एकविसाव्याला कुणीतरी मागून दोर धरला.

"सोड," हणमंतराव म्हणाला.

"कोट खराब होईल तुझा."

"होऊ दे. फळ्या मीच टाकल्या होत्या विहिरीवर." त्यानं कोट काढून खुंटीवर अडकवला. मग तो ओढत राहिला आणि भामा ओतत राहिली. मोजणं दोघांनीही सोडलं. एका पोहऱ्याच्या वाफेत तोंड धरून तो म्हणाला, "अक्का, हे पाणी खरंच ऊन आहे गं!" आणि लहानपणी विहिरीवर हसायचा तसा हसला.

पहाटे तिघांनी वाऱ्याच्या बाजूला ओल्या पाल्याची आणि गोवऱ्यांची धुनी पेटवली. धूर जड होऊन जमिनीलगत पसरला, केळीच्या बुडांतून फिरला आणि भिंतीवरून पुढच्या निम्म्यात गेला. खिडकी उघडून प्रतापराव खोकत ओरडले, "अहो, होळीला दीड महिना आहे अजून! आमचं सरपण करता का काय?"

"तुमच्याच शब्दासाठी चाललंय!" केसरबाई इकडून म्हणाली. नवरा गेल्यापासून इतक्या मोठ्यानं ती पहिल्यांदा बोलली होती.

थंडी तीन दिवस राहिली. तिन्ही दिवस पाणी, तिन्ही पहाटे धूर. चौथ्या दिवशी हणमंतराव एकटाच गाडीत बसला. काचीगुड्याला खिडकीतून तळहात दाखवून तो म्हणाला, "फोड बघ कसे आलेत. साहेबाला काय सांगू?"

"सांग, घरची शेती आहे."

पुढचे आठ दिवस काहीच झालं नाही. राख दाबलेले पाच काप तसेच मुके. भामा सकाळी बघायची, शाळेतून आल्यावर बघायची. नवव्या दिवशी तिसऱ्या केळीच्या राखेला मधोमध भेग पडलेली दिसली. तिनं फुंकर मारली. पांढऱ्या वर्तुळाच्या मध्यातून बोटाच्या पेराएवढी फिकट पिवळी सुरळी वर आली होती. तिनं शाळेच्या पिशवीतला खडू काढला आणि सुरळीच्या टोकाशी, शेजारी रोवलेल्या काडीवर, खूण केली. दुसऱ्या सकाळी सुरळी खुणेच्या दोन बोटं वर होती.

ती धावत घरात गेली. अडतीस वर्षांची, शेकडो पुस्तकं वाचलेली बाई. तिला एकच वाक्य सुचलं. "आई, वाढली!"

केसरबाई कणकेच्या हातानंच बाहेर आली. दोघी त्या सुरळीच्या पोंग्यापुढं उकिडव्या बसल्या. हातावरची कणीक वाळेपर्यंत कुणी उठलं नाही.

त्यानंतर थांबणं कुणाला माहीत नसल्यासारखं झालं. मोरीजवळची केळ एका रात्रीत वीतभर वाढे. होळीला तिसऱ्या केळीचं पहिलं पान उलगडलं, लहानसं, एका कडेला चुरगळलेलं, पण इतकं हिरवं की त्याच्याआडून ऊन हिरवं होऊन मातीवर पडलं. चौथीनं आणि पाचवीनं एकाच दिवशी पोंगे काढले. सहावी मागं राहिली होती. चतुराबाई रोज बाजारातून परतताना तिला शिव्या घालायची. "तुलाच काय धाड भरलीय गं? बहिणी बघ कशा मिरवायल्यात!" आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, शिव्यांना कंटाळली म्हणा किंवा उन्हाला भुलली म्हणा, तिनंही सुरळी वर काढली.

पाडव्याला उजाडता उजाडता, प्रतापराव यायच्या आधी, परसाचं दार वाजलं. त्यांची बायको कुसुमताई उभी होती, हातात रिकामं ताट आणि चेहऱ्यावर ओशाळलेपण.

"भामा, एक मागणं होतं. काल सगळा सुलतान बाजार पालथा घातला, केळीचं पान नाही. थंडीनं सगळीकडच्या केळी गेल्या म्हणतात. नैवेद्य कशावर दाखवू? आणि ओसरीवरची ती कर्नूलची बाई, आज त्यांची उगादी, पहाटेपासून माझ्यामागं अरिटाकु, अरिटाकु करत केळीचं पान मागत फिरतेय."

"ओसरीवर राहिली ती लोकं?"

"पडदा लावून दिलाय ह्यांनी. मीच म्हटलं, पोरं उघड्यावर कशी राहतील?" कुसुमताईनं केळीकडं पाहिलं. "एक पान मिळेल?"

भामानं विळा घेतला. मोरीजवळच्या केळीला पाच पानं होती. चतुराबाईनं सांगितलं होतं, निम्म्याहून जास्त घेऊ नको. तिनं एक कापलं, सगळ्यात रुंद, आणि जरा विचार करून दुसरंही कापलं. "एक तुमचं. एक ओसरीवर द्या."

कुसुमताई पानं घेऊन वळली तोच प्रतापराव दारातून आत आले. नवं धोतर, डोक्याला रुमाल, मागं कुदळ घेऊन उमाजी. त्यांनी बायकोकडं पाहिलं, तिच्या हातातल्या हिरव्या पानांकडं पाहिलं.

"हे कुठून आणलंस?"

"इथलंच की. हिच्या केळीचं."

उमाजीनं कुदळ जमिनीवर टेकवली आणि हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. "सरकार, माझा मुहूर्त टळला म्हणायचा."

"गप रे," प्रतापराव म्हणाले. ते आत आले. एकेका केळीपाशी थांबून, अर्जातली कलमं तपासावीत तसे, त्यांनी पाचही बुडं पाहिली. सहाव्या केळीच्या इवल्या सुरळीपाशी ते वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मग त्यांनी धोतर सावरलं, गोणपाटाच्या दोन खुंट्या स्वतःच्या हातानं उपटल्या, कोपऱ्यातल्या दोन उपटल्या आणि चारही उमाजीच्या हातात दिल्या.

"माझ्या हयातीत विषय नाही," ते म्हणाले. "आणि नंतरही नको. मुलाला सांगून ठेवतो." जाता जाता ते दारात थांबले. "सत्यनारायणाचे चार खांब मात्र..."

"मृगात मुनवे फुटतील. एका बुडाला तीनच ठेवायचे असतात, बाकी काढायचेच आहेत," भामा म्हणाली. "पाहिजे तेवढे न्या."

"एक हणमंताला ठेवा हो," केसरबाई आतून म्हणाली. "पत्र आलंय त्याचं. औरंगाबादेच्या घराला परस आहे म्हणे."

दुपारी पुरणपोळी झाली. चतुराबाई जेवायला होती. तिनं ताट सरकवून तिसऱ्या केळीचं ते पहिलं, चुरगळलेलं पान मागून घेतलं आणि त्याच्यावरच जेवली. ती गेल्यावर, उन्हं कलल्यावर, भामा न्हाणीत गेली. चुलवणातला एक विझका कोळसा तिनं उचलला आणि भिंतीपुढं उभी राहिली. नानांचं अक्षर लांबट होतं, उतारावर धावणारं. तिचं गोल. शेजारी शेजारी ते शोभणार नव्हतं, हे तिला दिसत होतं.

तिनं मुलींच्या वह्या तपासताना करते तशी 'सांजेला' आणि 'पाणी' यांच्यामध्ये एक लहानशी खूण केली आणि वरच्या रिकाम्या जागेत लिहिलं: 'विहिरीचं.'

मग मागं सरून सगळी ओळ वर्गात वाचतात तशी मोठ्यानं वाचली, हात धुतले आणि परसात आली. थंडी अजून आठ महिने लांब होती. तरी दोर तिच्या हातात आला आणि पोहरा खाली गेला.